आजोबांची फियाट, पोतंभर बोल्ट आणि न बोलणारी बायको

पत्र:

काका नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या गावात राहतो, वय ३६, नोकरी एमआयडीसीत. आजोबांची १९८४ ची पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, आमच्या जुन्या गोठ्यात बारा वर्षं उभी आहे. आजोबा २०१३ ला गेले, त्यानंतर कुणी चावीच लावली नाही. दिवाळीत ठरवलं की ही गाडी आपण घरीच करायची. व्हिडिओ बघून सुरुवात पण केली. सीटा, बंपर, दरवाज्याची आतली कव्हरं, डॅशबोर्ड सगळं काढलं, बोल्ट एका पोत्यात ठेवलेत. आता पुढं काय ते कळेना. गावातला पेंटर म्हणतो ऐंशी हजार दे, महिन्यात शोरूमसारखी करून देतो, इंजिनाचं नंतर बघ. मित्र म्हणतो आधी इंजिन खाली उतरव. वडील म्हणतात भंगारात घाल, पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार उचलून नेणार आहे. आणि बायको चार दिवस धड बोलत नाही, कारण मी ग्रीसच्या चिंध्या वॉशिंग मशीनला लावल्या. बजेट दीड लाख, ते पण हळूहळू. सुरुवात कुठनं करू?
— एक फियाटवाला

उत्तर:

अरे फियाटवाल्या, वॉशिंग मशीनच्या बाबतीत मी पूर्णपणे तुझ्या बायकोच्या बाजूने आहे, ते शेवटी बोलू. आधी एक काम कर, हातातला पाना खाली ठेव. आता गाडीचं काहीही काढायचं नाही. घरी गाडी करायला घेणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडकते, म्हणजे पैसे संपले म्हणून नाही, कौशल्य नाही म्हणून पण नाही, तर सगळं एकदम उघडून बसले म्हणून. उघडायला दोन रविवार पुरतात, उत्साह असतो, गाणी लावलेली असतात. जोडायला मात्र दोन वर्षं लागतात आणि तोवर कुठला क्लिप कुठला होता हे देवालाही आठवत नाही. मग गाडी 'प्रोजेक्ट' म्हणून विकायला निघते, फोटोत बोनेटवर मांजर झोपलेलं.

तर आधी पोतं. ते अंगणात ताडपत्रीवर ओत आणि ओळखू येणारा प्रत्येक बोल्ट परत त्याच्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून लावून टाक. डबे नकोत, पिशव्या नकोत, बोल्टाची सगळ्यात सुरक्षित जागा त्याचं स्वतःचं भोकच असते. उरतील ते पिशवीत घालून वर चिकटपट्टीवर लिही, 'डॅशबोर्ड डावीकडे' असं, नुसतं 'स्क्रू' नाही. एक बरंय की फियाटला सगळं एमएममध्ये आहे, दहा-अकरा, बारा-तेरा, सोळा-सतराचे पाने घेतले की बरंच काम निघतं. अ‍ॅम्बॅसेडर असती तर इंचाचे पाने शोधत फिरला असतास.

आता वडिलांचा मुद्दा, कारण तो पेंटच्या आधीचा आहे. पंधरा वर्षांच्या गाड्या उचलतात ते दिल्ली-एनसीआरचं प्रकरण, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत ते आपल्या गोठ्यापर्यंत आलंय. आपल्याकडे खाजगी पेट्रोल गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं आणि मग दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून वाढवून घेता येतं. तुझा हिशोब लावला तर १९९९, २००४, २००९ आणि शेवटचं २०१४ ला संपलं असणार, कारण तेव्हा विचारायला आजोबा नव्हते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी दहा हजार झालीये, वर ग्रीन टॅक्स आणि उशिराचा दंड, तेव्हा हे पैसे दीड लाखातून आजच बाजूला काढ.

दुसरं, गाडी आजोबांच्या नावावर आहे ना? मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो आणि बाकीच्या वारसांच्या सह्या. म्हणजे गाडी कायद्याने आधी तुझ्या वडिलांकडे, आत्या-काका असतील तर त्यांच्याकडे जाते, तुझ्याकडे नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण वडिलांना बाजूला ठेवून ही गाडी होणारच नाहीये, सही त्यांचीच लागणार. आणि अनुभव सांगतो, जो माणूस सगळ्यात मोठ्याने 'भंगारात घाल' म्हणतो ना, त्यालाच चोक किती ओढायचा ते नेमकं माहीत असतं. १९८४ ची गाडी म्हणजे एमएच यायच्या आधीचा तीन अक्षरी नंबर असणार, एमएच १९८९ ला आलं. असे जुने नंबर कित्येकदा ऑनलाइन सापडत नाहीत, मग आरटीओत जुनं आरसी बुक दाखवून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून, घ्यावी लागते. तेव्हा आरसी बुक शोध, कपाटात, गादीखाली, देवघराच्या फळीवर, कुठेही. आणि त्यातला इंजिन नंबर, चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतोय का ते टॉर्च मारून बघ. जुळत नसेल तर एक रुपया पण खर्च करायच्या आधी आरटीओत जाऊन ये. व्हिंटेजचं खूळ डोक्यात असेल तर तेही काढ, व्हीए सिरीजचा नंबर पन्नास वर्षं झालेल्या गाडीला मिळतो, तुझी २०३४ ला होईल, आणि तो नंबर लावला की रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर काढता येत नाही.

आता पेंटर. त्याला नाही म्हण. वाईट माणूस असेल असं नाही, पण त्याने सांगितलेला क्रम उलटा आहे आणि तो उलटा क्रम मला माझ्या स्वतःच्या खिशातून शिकायला लागला.

माझी ७९ ची पद्मिनी. घेतल्यावर पहिल्याच महिन्यात उपनगरातल्या एका पेंटरकडे टाकली, पांढरी शुभ्र होऊन आली, मी कॉलनीत तीन फेऱ्या मारल्या उगाच. पहिला पाऊस झाला आणि ड्रायव्हरच्या दाराखाली, पाय ठेवतो तिथल्या पत्र्यावर, पेंटला फुगा आला, लिंबाएवढा. मी खिळ्याने टोचलं तर आख्खी भाकरीएवढी खपली हातात आली, बोटभर जाड लांबी (पेंटर खड्डे बुजवायला भरतात ती पुट्टी), आणि त्यामागे पत्रा नव्हताच, घडी घातलेला पेपर होता! मंगल कार्यालयाची जाहिरात वाचता येत होती त्यावर, एसी हॉल, पार्किंगची सोय. म्हणजे पत्रा गंजून गेला होता तिथे पेपर कोंबून वर लांबी भरून पेंट मारलेला. मग पत्रा कापून नवा वेल्ड केला तर वेल्डिंगच्या उष्णतेने वीतभर वरपर्यंत नवाकोरा पेंट करपला, आख्खी बाजू परत मारावी लागली आणि शेड काही जुळली नाही. आजही उन्हात गाडी दोन पांढऱ्या रंगांची दिसते. बायकोला दिसत नाही म्हणते, चांगली आहे.

पेंट आधी न करायचं दुसरं कारण ब्रेक ऑइल. ते पेंटवर सांडलं की पेंट उकलतो, आणि ब्रेकचं काम करताना ते सांडतंच.

तेव्हा येत्या रविवारी फक्त पत्रा ऐकायचा. हो, ऐकायचा. फ्रिजला लावतो तो लोहचुंबक घे, पातळ फडक्यात गुंडाळ म्हणजे ओरखडे नको, आणि दारांच्या खालच्या चार बोटांत, चाकांवरच्या कमानीला, डिकीत स्टेपनी ठेवतात त्या खड्ड्यात, बॅटरीच्या ट्रेखाली, पुढच्या काचेच्या बीडिंगलगत फिरवत जा. जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी आहे किंवा पत्राच नाही. मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ घेऊन फ्लोअरवर आणि दाराखालच्या सिलवर ठोकत जा, चांगला पत्रा टण्ण वाजतो आणि गंजलेला ओल्या पुठ्ठ्यासारखा थप्प. थप्प वाजलं तिथे खडूने गोल कर. मागे लीफ स्प्रिंगचे पट्टे बॉडीला जिथे अडकतात तिथे जास्त वेळ दे, ती जागा गेली असेल तर चाकच जागेवरून सरकतं. आणि मला एक सांग, त्या गोठ्यात गाडी उभी असताना जनावरं पण होती का? कारण शेणामुताची ओल म्हणजे मिठाचीच ओल, खालून पत्रा मुकाट्याने खाते आणि वरून गाडी धुळीत छान दिसत राहते.

हे सगळं इतकं घोळून सांगतोय कारण या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. सिल म्हणजे शोभेची पट्टी नाही, गाडीचा कणा आहे. सिल गेलेला असेल आणि कुणी दरवाजे काढून तो तसाच कापला तर गाडी मधोमध बसते, आणि मग नवा सिल कितीही सुंदर लावा, दरवाजे लागत नाहीत. कापायच्या आधी गाडी सपाट जागी, दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाचून घ्यायचा, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या, एका वेळी एकच बाजू. वेल्डिंग तू स्वतः शिकायच्या भानगडीत या कामावर तरी पडू नको, चांगला मिग वेल्डिंगवाला बोलाव, शेजारी उभा राहा आणि बघ. पत्रा सीआरसी, म्हणजे जस्त न चढवलेला साधा कोल्ड रोल्ड, आण. कुणी स्वस्तातला जीआय पत्रा म्हणालं तर नको, त्यावरचं जस्त जळून धूर होतो आणि तो छातीत जातो. दारांच्या तळाला बारीक भोकं आहेत ती तारेने मोकळी कर, काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं, ती बुजली की दार म्हणजे हौद. आणि उघडा पत्रा पावसाळ्यात ठेवू नको, तुमच्याकडच्या जुलैत रात्रीत तांबूस होतो. पत्र्याचं काम नोव्हेंबर ते मे, बास.

मग क्रम काय? गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग दिसली पाहिजे.

थांबण्याचं म्हणजे ब्रेक. तुझ्या गाडीत चारही चाकांना ड्रम. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, बारा वर्षांत आत पाणी झालंय असं धर, व्हील सिलेंडरचे पिस्टन गंजून चिकटलेले असणार. चारही चाकांचे व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडर, पुढे दोन आणि मागे एक असे रबरी होज, हे सगळं नवीन टाक, इथे 'चालतंय की' अजिबात नको. होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फुगलेला असतो, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. ड्रम उघडल्यावर आतली काळी पूड कॉम्प्रेसरने उडवू नको, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पूस आणि ते फडकं फेक (मशीनला लावू नको!). आणि गाडीखाली जायचं असेल तर जॅक स्टँड घे, चार घे. नुसत्या जॅकवर नाही, विटांवर नाही, वीट सांगून फुटत नाही.

चालण्याचं. मित्राला सांग इंजिन जागेवरच राहणार. उतरवलेलं इंजिन टेबलाखाली जातं आणि त्यावर आधी चादर येते, मग इस्त्रीचे कपडे. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे, फार नखरे नाहीत, आधी ते काय म्हणतंय ते तरी ऐकू. पण डायरेक्ट स्टार्टर मारशील तर मी फोनवरून ओरडेन. एअर फिल्टर उघड, गोठा म्हणजे गवत, गवत म्हणजे उंदीर, आत घर असणार आणि वायरिंगही कुरतडलेलं असणार, ते नीट बघेपर्यंत बॅटरी जोडायची नाही. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात तीन-चार चमचे इंजिन ऑइल सोड आणि तीन दिवस विसरून जा. मग टॉपचा गिअर टाक आणि दोघांनी गाडी पुढे-मागे हलक्या हाताने झुलवा, ढकलायची नाही, झुलवायची. पंख्याची पुली हलली की समज इंजिन मोकळं आहे. नाही हलली तर परत ऑइल, परत तीन दिवस. पहारीने जोर लावू नको. पुली हलली पण नंतर क्लच दाबून पण गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलीये, ते पण नेहमीचंच.

मग जुनं ऑइल काढून नवीन टाक, रेडिएटरमधली आमटी बाहेर काढ, प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर मार, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, ज्यांच्यावर प्लगची ठिणगी अवलंबून असते ते, बारीक पॉलिश पेपरने घासून घे. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरायचं नाही, त्याचा आता वार्निश झालाय, कार्बोरेटरमध्ये गेलं तर जेट बुजलेच. अर्ध्या लिटरच्या बाटलीतून नळीने गाडीतल्या पेट्रोल पंपाला ताजं पेट्रोल दे. आणि हे सगळं गोठ्यात नाही, गाडी बाहेर अंगणात ढकलून, आग विझवायचा सिलेंडर शेजारी ठेवून. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करू नको, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते.

एक नवीन कटकट तुझ्या आजोबांच्या वेळी नव्हती, इथेनॉल. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुने रबरी पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा त्याने मऊ पडून चिरतात. पाइप इथेनॉलला टिकणारे घे, पंपाला नवा पडदा टाक, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नको. उन्हाळ्यात घाटात गाडी बंद पडली तर घाबरू नको, पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते, वर ओलं फडकं टाकून एक चहा होईपर्यंत थांबायचं. हे तुझ्या वडिलांना माहीत असणार, विचार.

चालू झाल्यावर धूर, कॉम्प्रेशन बघून मग ठरव इंजिन उघडायचं का. उघडायचंच झालं तर तू नशीबवान आहेस, उद्यमनगर तुझ्या दारात आहे. बोअर करायला, बुश पाडायला, फिरवून घ्यायला लोक कुठून कुठून कोल्हापूरला येतात. स्टिअरिंगवरच्या गिअरचे जोड झिजून गिअर मध्येच अडकत असेल तर ते बुश पण लेथवर करून घेता येतात, नमुना मात्र तोडू-फेकू नको, झिजलेला का होईना घेऊन जा. बाकी पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईला कुर्ला. गाडी बनायची पण कुर्ल्यालाच, १९६४ पासून फियाट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून, आणि २००० च्या सुमाराला बंद झाली, पण दुकानात 'पद्मिनीचं' म्हणू नको, 'फियाटचं' म्हण, म्हातारा दुकानदार लगेच आतल्या फळीकडे वळतो. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी पण ऑक्टोबर २०२३ ला संपल्या, तेव्हा काचा, बीडिंग, लाइटच्या फ्रेम असलं बॉडीचं सामान चांगलं दिसलं की लगेच घे, पुढच्या महिन्यात बघू म्हणू नको. रबर आणि ब्रेकचं मात्र जुनं पडून राहिलेलं नवीन घेऊ नको, डब्यात बसून पण ते म्हातारं होतं.

दीड लाखात होईल का? कागद झालेली, थांबणारी, चालणारी, पत्रा घट्ट असलेली गाडी बहुतेक होईल, सिल दोन्ही गेले नसतील तर. शोरूमसारखी होणार नाही, आणि विकून पैसे परत येतील असं घरी सांगून बसला असशील तर ते आजच मागे घे. पेंट स्वतः घरी मारायची हौस असेल तर प्रायमरपर्यंत ठीक, पीयू (पॉलियुरेथेन) पेंट रुमाल बांधून मारायचा नाही, त्याचं हार्डनर फुफ्फुसाला फार वाईट, ते बूथ आणि मास्कवाल्याकडेच. पेंटरला सांग, पुढच्या दिवाळीनंतर ये, आणि येताना लांबी कमी आण.

बायकोचं. रविवारी सकाळी सात ते बारा गाडी, बारानंतर हात धुवून घरात, हे तुझ्या तोंडून आलं पाहिजे, तिच्या नाही. गाडीचा एकही पार्ट उंबऱ्याच्या आत नाही, कार्बोरेटर तर नाहीच, तो किचनच्या सिंकमध्ये धुण्याचा विचार तुझ्या मनात येऊन गेलाय हे मला माहीत आहे. खर्चाची वही ठेव आणि उघडी ठेव.

खडूचे गोल किती निघाले ते फोटोसकट कळव, त्याशिवाय पुढचं सांगत नाही.

ता.क. मशीन रिकामी करून गरम पाणी आणि जास्तीची पावडर घालून दोनदा फिरव, आणि दाराच्या रबराची घडी उलटी करून आत बोट फिरवून बघ, ग्रीस तिथे बसतं. तिच्या पांढऱ्या साडीवर सापडायच्या आधी तुला सापडलेलं बरं.